वऱ्हाडचे बाजार : कापसाच्या दोन बाजू

अमरावती आणि अकोला या दोन शहरांतील कापडपेठांचा इतिहास आणि तेथील धान्य-किराणा-भाजीच्या बाजारांचा इतिहास वेगवेगळे सांगण्याची रीत असली, तरी या दोहोंच्या मुळाशी एकच पीक आहे, आणि ते म्हणजे कापूस. उत्तरेस मेळघाटचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्याला पूर्वी पायनघाट म्हणत; याच काळ्या, खोल, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत पिकलेला कापूस एकोणिसाव्या शतकात समुद्रापार जाऊ लागला आणि त्याच वाटेने परक्या गिरण्यांचे कापड वऱ्हाडात येऊ लागले. पुढे कापसाखालील क्षेत्र वाढत गेले, तसतशी ज्वारी विकत घेऊन खाणाऱ्यांची संख्याही वाढली. आज जी पेठ भरभराटलेली दिसते, तिच्या भरभराटीत वऱ्हाडाने गमावलेल्या दोन गोष्टी दडलेल्या आहेत : घरच्या मागावरचे वस्त्र आणि घरच्या कणगीतले धान्य. बाजारपेठांचा इतिहास व्यापाऱ्यांच्या बाजूने पुष्कळदा लिहिला गेला आहे. तो या दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे.

१८०३ मध्ये आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाल्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले आणि हा मुलूख निजामाच्या एकछत्री अमलाखाली आला. त्या वेळीही अमरावती ही सावकारांची आणि कापसाच्या व्यापाऱ्यांची पेठ म्हणून नावाजलेली होती. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून या धनिकांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये गावाभोवती दगडी परकोट बांधण्यास सुरुवात केली. सव्वादोन मैल घेराच्या आणि वीस ते सव्वीस फूट उंचीच्या या तटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दारे, ठेवण्यात आली. नागपुरी दरवाजा, खोलापुरी दरवाजा, अंबा दरवाजा ही नावे आजही शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. किल्ला राजासाठी बांधतात. अमरावतीचा तट मात्र बाजारासाठी बांधला गेला. अकोल्याची घडण निराळी आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड आणि त्याला लागून असलेली तटबंदीची वस्ती मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर, तर व्यापाराची ताजनापेठ पूर्व काठावर अशी या गावाची दोन अंगे होती. पुढे रेल्वे पूर्वेकडून गेल्यामुळे गावाचे वजन नदी ओलांडून पेठेकडे सरकले.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर जात असे. बंजाऱ्यांचे तांडे, म्हणजे शेकडो लादणीच्या बैलांचे काफिले, अमरावतीहून सुमारे पाचशे मैल दूर असलेल्या गंगाकाठच्या मिर्झापूरला कापूस पोहोचवीत आणि तेथून तो होड्यांमधून कलकत्त्याकडे जाई. मुंबईची वाट नंतर रुळली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईला धाडून ती प्रथम खुली केली. महिनोन् महिने चालणाऱ्या या प्रवासात धूळ, पाऊस आणि बैलांची तोंडे यांतून उरेल तेवढाच कापूस मुक्कामी पोहोचत असे. परतीच्या बैलांवर मुख्यतः मीठ येई. मात्र मिठासाठी वऱ्हाड संपूर्णपणे बाहेरच्यांवर अवलंबून नव्हते. पूर्णेच्या दोन्ही काठांना लागून असलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या पट्ट्यात, दहीहांडा आणि आसपासच्या गावांतील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात हा उद्योग बंद पाडण्यात आला. १९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या अकोला जिल्ह्याने मिठाच्या सत्याग्रहासाठी याच दहीहांड्याची निवड केली, हे लक्षात घेतले म्हणजे बाजारातल्या साध्या जिनसेमागे केवढा इतिहास असतो याची कल्पना येते.

कापडाच्या बाबतीत तर वऱ्हाड बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण होते. गावोगावी कोष्टी, साळी आणि मोमीन विणकरांचे माग चालत. धोतर, लुगडे, पासोडी, उपरणे ही रोजची सणंगे, म्हणजे मागावरून उतरलेली अखंड वस्त्रे, आठवडी बाजारात मिळत. बाळापूरची पागोटी आणि अकोटच्या सतरंज्या यांचे नाव तर वऱ्हाडाबाहेरही होते. रंगारी जातीचे लोक आल या झाडाच्या मुळापासून काढलेल्या तांबड्या रंगात खारवा, म्हणजे जाड लाल कापड, रंगवीत. वह्यांची वेष्टने, गाद्या, बैलांच्या झुली अशा अनेक कामांना तो लागत असे. १८६९ च्या सुमारास युरोपात कृत्रिम अलिझरीन रंग तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती आणि तिच्यावर जगणारी कुटुंबे दोन्ही हलाखीत गेली.

१८५३ च्या तहाने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज कापसाचा दुसरा आधार हवाच होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस येणे थांबले, भाव कल्पनेपलीकडे चढले आणि वऱ्हाडच्या कुणब्याच्या हाती प्रथमच मोठी रोकड आली. अमरावतीच्या त्या काळच्या उमरावती या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत, आणि पुढे मुंबईच्या वायदेबाजारातही तेच नाव प्रतीचे माप म्हणून चालू राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून निघून शेगाव, अकोला, बडनेरा असा सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये, तर बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा सहा मैलांचा फाटा त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला. हे दोन्ही फाटे कापसासाठी टाकले गेले. त्यांवरून माणसे जाऊ लागली ही त्यामागून आलेली गोष्ट.

या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त असलेल्या हॅरी रिव्हेट-कारनॅक याचे अहवाल वाचताना एक विचार पुन्हापुन्हा समोर येतो. रेल्वेने येणारे स्वस्त विलायती कापड देशी विणकराला मागे सारील, विणकर शेतमजुरीकडे वळेल आणि त्यामुळे कापसाच्या शेतीला हात मिळतील, असे त्याचे गणित होते आणि त्याला ते इष्ट वाटत होते. पुढे घडले ते याच गणिताप्रमाणे. मांजरपाट, नैनसुख, मलमल, चीट ही कापडे गाठींच्या गाठींनी उतरू लागली. कापसाचे पेळू जाऊन ताके आले, आणि ज्या गल्ल्यांत पूर्वी सराफी आणि कापसाची अडत चाले त्याच गल्ल्यांत कापडाच्या गाद्या बसल्या. विणकराचा माग थांबला म्हणून कापडदुकान चालू लागले, ही साखळी तेव्हाच्या सरकारी कागदांतच स्पष्टपणे लिहिलेली आहे. देशी गिरण्यांमुळे पुढे परिस्थिती थोडी बदलली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर बडनेरा, अकोला, अचलपूर येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. तरीही वऱ्हाडातला बहुतांश कापूस सरकी काढून दाबलेल्या गाठींच्या रूपानेच बाहेर जात राहिला.

कापसाचा बाजार कसा चाले, हे समजल्याशिवाय बाकीच्या पेठांचे चलनवलन कळत नाही. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून पहाटे बाजारात येई आणि अडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल ठेवून विकून देणाऱ्या मध्यस्थाच्या, दुकानासमोर गाडी सोडी. देशातल्या अनेक बाजारांप्रमाणे येथेही ‘हत्ता’ पद्धत होती : खरेदीदार आणि दलाल हातावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकीत आणि त्या कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. किती बोटे दाबली गेली म्हणजे किती रुपये, हे त्या दोघांनाच ठाऊक असे. ज्याचा कापूस विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा राहून फक्त रुमालाची हालचाल पाहत असे. भाव ठरल्यावर मापारी वजन करी आणि मग कपाती सुरू होत : मालातल्या कचऱ्यापोटी वजनात धरली जाणारी कडता, अडत, हमाली, दलाली आणि धर्मादाय, म्हणजे गोरक्षण, धर्मशाळा, पाठशाळा यांसाठी कापून घेतलेली रक्कम. हा धर्मादाय शेतकऱ्याच्या पैशातून जाई आणि दानाचे नाव व्यापाऱ्याचे होई, ही गोष्ट आजही मनाला लागते. उरलेला चुकारा, म्हणजे मालाची रोख रक्कम, घेऊन शेतकरी उठे, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा सावकाराच्या वहीत आधीच लिहिलेला असे.

या गैरप्रकारांना आळा घालण्याचा देशातला पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला, याचा अभिमान वाटावा असे आहे. वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ मध्ये कारंजा येथे पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा लागू झाला. या कायद्याने बाजाराची जागा ठरवून दिली, तिच्यावर देखरेखीसाठी समिती नेमली, दलाल आणि मापारी यांना परवाना घेणे भाग पाडले आणि मन मानेल तेथे खाजगी बाजार भरवण्याला मनाई केली. १९२८ च्या शाही शेती आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, तेव्हा आयोगापुढे नमुना होता तो वऱ्हाडचाच. परंतु या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा असे. शेतकऱ्याला तेथे खरे स्थान मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरचा काळ यावा लागला. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्यापासून उघड लिलाव हा नियम ठरला.

१८९७ च्या बाजार कायद्यानंतर दोनच वर्षांनी वऱ्हाडात छप्पन्नचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, दुष्काळ पडला. पूर्वीही वऱ्हाडात अवर्षण येई, पण कणगीत आणि पेवांत ज्वारी असे. या वेळी रेल्वे होती, बाजारात धान्य होते, आणि मजुराकडे ते घेण्यासाठी पैसा नव्हता, कारण कापूस बुडाला की वेचणीची मजुरीही बुडत होती. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कापसाच्या पैशाने ज्या देशाला श्रीमंत म्हटले जात होते त्या देशातल्या माणसांची ही घट आहे, आणि धान्याच्या बाजाराचा कोणताही इतिहास ती ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

विसाव्या शतकात दोन्ही शहरांच्या पेठांनी जे रूप घेतले ते बरेचसे आजही ओळखू येते. अमरावतीत परकोटाच्या आत सराफा, सक्करसाथ, इतवारा आणि भाजीबाजार एकमेकांना लागून आहेत. जवाहर दरवाज्यातून बाहेर पडल्यावर जवाहर रस्त्यावर कापडाची दुकाने लागतात आणि गर्दी राजकमल चौकाकडे वाहते. अकोल्यात गांधी रस्ता, टिळक रस्ता, जुना कापड बाजार, कोठडी बाजार आणि जनता भाजीबाजार हे सारे पूर्व काठावर, स्टेशनाच्या बाजूला आहेत. दोन्हीकडे कापूस, कापड आणि खाद्यपदार्थ यांची ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, कारण गिऱ्हाईक एकच होते : सकाळी कापूस विकून दुपारी खरेदी करणारा शेतकरी.

या खरेदीचा मानबिंदू म्हणजे बस्ता. लग्न ठरले की दोन्ही घरांची मंडळी मिळून एकाच दुकानातून सगळ्या लग्नाचे कापड घेतात, त्याला बस्ता बांधणे म्हणतात. वऱ्हाडात हा बस्ता कापसाच्या हंगामाशी जोडलेला आहे. दिवाळीच्या आसपास पहिली वेचणी होते, पौष-माघात चुकारा हाती येतो, आणि त्यानंतरच्या लग्नसराईत अमरावती-अकोल्याच्या कापडदुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पांढऱ्याशुभ्र चादरीच्या गादीवर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. नवरीचा शालू, मामाच्या घरची साडी, विहिणीचे लुगडे, करवल्यांचे खण, वरातीतल्या मानकऱ्यांचे धोतर-टोपी आणि आहेराच्या साड्यांचा ढीग असे क्रमाने काढले जाते. कोणाला कोणत्या किमतीचे वस्त्र द्यायचे यावर घरातली जाणती बाई शेवटचा शब्द बोलते. दुकानदार चहा-फराळ देतो, प्रसंगी जेवण घालतो, आणि रक्कम पुढच्या हंगामावर लिहून घेतो. या उधारीमुळे तीच घराणी पिढ्यान् पिढ्या त्याच गादीवर येत राहिली. आणि पीक गेलेल्या वर्षी बस्त्याची वही शेतकऱ्याच्या कर्जाच्या यादीत जाऊन बसली, हेही तितकेच खरे आहे.

मोठ्या पेठेच्या मागे आठवडी बाजारांचे जाळे होते आणि आहे. मजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होत असल्याने गावचा आठवडा त्या दिवसाभोवती फिरतो. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या कराराने राहणाऱ्या गड्याला, पूर्वी ज्वारीच्या रूपात मोबदला मिळे, आणि वेचणाऱ्या बायकांना वेचलेल्या कापसातला वाटा. त्या वाट्यातला मूठपसा कापूस किराणा दुकानात देऊन मीठ-मिरची, चहापत्ती घेण्याची रीत पुष्कळ काळ टिकली. बाजारात माळ्यांची वांगी, सांभार (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात), अंबाडी, चवळीच्या शेंगा. तेल्याकडचे जवसाचे आणि करडईचे तेल. बारी समाजाच्या मळ्यांतली विड्याची पाने आणि अंजनगाव-अकोट भागातली पानपिंपळी. थंडीत मोर्शी-वरुडची संत्री. आणि लेकरांच्या खाऊसाठी मुरमुरे, फुटाणे, शेव, जिलेबी. वरुड तालुक्यातील राजुरा बाजार हिरव्या मिरचीच्या उलाढालीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मेळघाटात दिवाळीनंतर भरणारे घुंगरू बाजार आणि चांदूरबाजारजवळच्या बहिरमची डिसेंबर-जानेवारीतली यात्रा, जिथे मातीच्या हंडीत शिजलेले मटण आणि रोडगे खाण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे राहुट्या टाकून राहतात, हेही याच बाजारसंस्कृतीचे भाग आहेत.

अकोल्याच्या धान्यबाजाराचे वैशिष्ट्य कापसाच्या शेतातच आहे. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची वऱ्हाडी पद्धत जुनी आहे. कापूस बुडाला तर तूर हाती यावी, तिच्या मुळांनी जमिनीला कस यावा आणि पऱ्हाट्यांबरोबर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांबरोबर, तुराट्याही सरपणाला मिळाव्यात असा त्यामागे हिशेब. या तुरीमुळे, आणि मूग-उडदामुळे, अकोला हे डाळीच्या गिरण्यांचे मोठे केंद्र झाले. कापसातून निघणारी सरकी हाही असाच दुवा आहे. तिचे तेल काढल्यावर उरणारी ढेप दुभत्या जनावरांना घालतात, आणि देशातल्या कृषी वायदेबाजारात सरकी ढेपेच्या व्यवहारासाठी अकोला हे मुख्य वितरण केंद्र मानले जाते. अमरावतीच्या चौकांत दह्यात बुडवून देतात तो गिला वडा हा तुरीच्या वरणाइतकाच या कापूसपट्ट्याचा पदार्थ आहे, कारण त्यातली उडदाची डाळ आणि दही दोन्ही त्याच शेतांतून आणि त्याच ढेपेवरच्या गोठ्यांतून येतात.

१९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात झाली आणि त्यांनी थोड्या भांडवलावर, कमी नफ्यावर कटपीस आणि तयार कपड्यांचा धंदा उभा केला. मारवाडी-गुजराती गादीवर ताका उलगडत होता तेथे टांगलेले कपडे आले, आणि हळूहळू शिंप्याकडे मापे देण्याची सवय मागे पडली. शेगावची कचोरीही फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने स्टेशनावर सुरू केली आणि ती आज वऱ्हाडाचीच मानली जाते. १९७२ पासून राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने कापसाचा भाव आणि चुकारा सरकारी केंद्रांवर आणला. सुमारे तीन दशके चाललेल्या या योजनेत अनेकदा चुकारा उशिरा मिळे आणि त्याचा थेट परिणाम बस्त्याच्या हंगामावर होई.

परकोटाच्या आत मालमोटारी शिरेनाशा झाल्यावर अमरावतीच्या घाऊक कापडव्यापाऱ्यांनी नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठेच्या बाजूला सिटीलँड, बिझीलँड, ड्रीम्झलँड अशी विस्तीर्ण संकुले उभारली आणि विदर्भातल्या तालुक्यांचे दुकानदार तेथे माल भरायला येऊ लागले. बडनेऱ्याची विजय मिल आणि अकोल्याची सावतराम मिल यांचे भोंगे मात्र थांबलेले आहेत. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली असून कापसापासून तयार कपड्यापर्यंतची सगळी कामे एकाच ठिकाणी व्हावीत असे त्याचे उद्दिष्ट आहे. तूर्तास त्याच रस्त्यावरच्या घाऊक दुकानांत येणाऱ्या साड्या मुख्यतः सुरतेच्या, सुती कापड इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावचे, आणि त्या मागांना लागणाऱ्या कापसाच्या काही गाठी वऱ्हाडातल्या जिनांमधून निघालेल्या असतात.